दुःख टाळल्यावर ते जातं कुठे?

एखाद्या घरात कुणी गेलं की आपण भेटायला जातो. काय बोलावं हे कुणालाच नीट सुचत नसतं, मग ठरलेली वाक्यं तोंडातून निघतात. मन घट्ट कर. आता तुलाच सगळ्यांना सांभाळायचंय. कामात मन गुंतव, फार विचार करू नकोस. बोलणाऱ्याच्या मनात माया असते आणि ऐकणारी, समजा वडील गमावलेली एखादी मुलगी, ते मनावर घेते. दिवसकार्य आटोपतं, ती कामावर रुजू होते. मृत्यूचा दाखला, बँकेचे अर्ज, वारसाच्या नोंदी सगळं एकहाती उरकते. कुणासमोर डोळ्यांतून पाणी काढत नाही. 'किती खंबीर आहे पोरगी!' असं सगळे म्हणतात.

वर्ष-दीड वर्ष जातं. एक दिवस किराणा दुकानात वडिलांच्या आवडीच्या बिस्किटांचा पुडा हातात येतो आणि तिथेच तिचा बांध फुटतो. कधी रडू येतच नाही, पण झोप उडते, क्षुल्लक कारणावरून मुलांवर आवाज चढतो, डोकं ठणकतं आणि तपासण्यांमध्ये काहीच निघत नाही.

कोडं असं की, एवढ्या दिवसांत दुःख बोथट व्हायला हवं होतं. तिनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. मग इतका काळ जाऊनही ते कालच्याइतकं ताजं कसं राहिलं? मानसशास्त्रानं गेल्या शंभरेक वर्षांत या कोड्याचे बरेच धागे सोडवले आहेत. त्यांतून हाती लागतं ते हे: नुसता काळ दुःख कमी करत नाही. त्या काळात मनाला दुःखाजवळ जाऊन काही शिकायला मिळालं का, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

'आठवू नकोस' म्हटलं की काय होतं?

वैद्यबुवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. औषध गुणकारी आहे, अट एकच, घेताना माकड आठवायचं नाही. रोग्यानं आयुष्यात औषध घेताना कधी माकड आठवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र पुडी उघडली की माकड हजर.

अमेरिकेतील टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठात डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली याच प्रकाराचा प्रयोग केला. त्यानं माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. सहभागी व्यक्तीनं पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. लोकांनी मिनिटाला सरासरी एकाहून अधिक वेळा घंटी वाजवली. खरी गंमत पुढच्या टप्प्यात होती. 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' अशी मुभा दिल्यावर, आधी विचार दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांच्या मनात ते तेवढं आलं नाही.

असं का व्हावं? वेग्नरनं पुढे याचं स्पष्टीकरण मांडलं. एखादा विचार टाळताना मनाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. एक भाग दुसरं काहीतरी शोधून तिकडे लक्ष वळवतो, हे कष्टाचं काम. दुसरा भाग टेहळणी करत राहतो, तो नको असलेला विचार कुठे डोकावतोय का ते बघत. ही टेहळणी आपसूक चालते, आणि ज्यावर पाळत ठेवायची ते सतत ध्यानात ठेवल्याशिवाय पाळत ठेवताच येत नाही. आपण ताजेतवाने असतो तोवर पहिला भाग बाजी मारतो. थकलो, जागरण झालं, ताण वाढला की कष्टाचं काम ढिलं पडतं. टेहळणी मात्र सुरूच असते. नको ते विचार दिवसभराच्या कामात येत नाहीत आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की रांग लावतात, ते यामुळेच.

सुटका आज, व्याज उद्या

विचार दाबणं हा टाळण्याचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार जागा, वस्तू, माणसं आणि प्रसंग टाळण्याचा. तो जास्त चिवट असतो, कारण तो लगेच 'लागू पडतो'.

आपल्या उदाहरणातल्या त्या मुलीकडे परत जाऊ. समजा, वडिलांनी जाण्याच्या आदल्या दिवशी पाठवलेला एक व्हॉइस मेसेज तिच्या फोनमध्ये आहे. तेवीस सेकंदांचा. तिनं तो अजून ऐकलेला नाही. एकदा बोट तिथपर्यंत गेलं, छातीत धडधडलं, घशाशी आवंढा आला आणि तिनं फोन उलटा करून ठेवला. पुढच्याच मिनिटाला धडधड थांबली. हे जे बरं वाटलं, ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मेंदूनं एक हिशेब मांडून ठेवला: मेसेज धोक्याचा होता, आपण दूर झालो, म्हणून वाचलो.

ओ. हॉबर्ट मोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४७ साली हा हिशेब दोन टप्प्यांत सांगितला. पहिल्या टप्प्यात एखादी साधी वस्तू वेदनेशी जोडली जाते. दुसऱ्या टप्प्यात, ती वस्तू टाळल्यावर मिळणारा आराम हेच टाळण्याचं बक्षीस ठरतं. बक्षीस मिळालेली कृती आपण पुन्हा करतो. प्रत्येक वेळी टाळणं पक्कं होतं, आणि 'ऐकला असता तर काय झालं असतं?' हे कधीच कळत नाही.

हे सावकाराकडून उचल घेण्यासारखं आहे. आज हातात पैसा येतो, आजची नड भागते, त्यात फसवणूक काही नाही. पण मुद्दल तसंच राहतं आणि व्याज चढत जातं. टाळण्याचं व्याज आयुष्याच्या आक्रसण्यातून वसूल होतं. आधी तो एक मेसेज नको होतो. मग ज्या ग्रुपवर काका जुने फोटो टाकतात तो ग्रुप बंद होतो. मग दिवाळीला गावच्या घरी जाणं टळतं, कारण तिथे ओसरीवर वडिलांची खुर्ची आहे. मग आईचा फोनही आटोपता घेतला जातो, कारण आई त्यांचा विषय काढते. दुःख टाळता टाळता जिच्याबरोबर ते वाटून घेता आलं असतं ती आईही दुरावते.

दारू किंवा गोळ्यांच्या आधारानं वेदना बधिर करणं हीसुद्धा हीच उचल, फक्त व्याजाचा दर भयंकर. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात नशा थांबवणं हा उपचाराचा आरंभ असतो. समुपदेशन, गटातलं बोलणं, कुटुंबाशी संवाद ही पुढची वाट फार लांबची असते, कारण नशा उतरल्यावर जे झाकलेलं होतं ते समोर येतं आणि त्याच्यासह जगायला शिकावं लागतं.

मेंदू नेमकं काय शिकतो?

मग सामोरं जाण्यानं काय साधतं? इथे न्यूयॉर्कमधल्या एका लहान मुलाची हकीकत बघण्यासारखी आहे. पीटर या नावानं ती अभ्यासात नोंदवलेली आहे. वय तीनच्या आत. त्याला सशाची भीती वाटायची. फरचा कोट, पिसं, कापूस यांनाही तो घाबरायचा. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनं १९२४ साली त्याच्यावर केलेलं काम प्रसिद्ध केलं.

तिनं पीटरला समजावत बसण्याचा मार्ग धरला नाही आणि ससा एकदम अंगावरही सोडला नाही. सुरुवातीला ससा पिंजऱ्यात, खोलीच्या लांबच्या टोकाला. पीटर शांत राहिला की पिंजरा थोडा जवळ. सशाला न घाबरणारी मुलं आजूबाजूला खेळत असत, पीटर त्यांना बघत असे. पुढे ससा पिंजऱ्याबाहेर आला. मध्येच पीटर आजारी पडून दोनेक महिने दवाखान्यात राहिला. तिथून निघताना एका मोठ्या कुत्र्यानं त्याला घाबरवलं, आणि सशाची गेलेली भीती परत आली. जोन्सनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याला आवडीचा खाऊ देत देत ससा इंचाइंचानं पुढे आणला. शेवटी पीटर एका हातानं सशाला कुरवाळू लागला, सशानं बोटं कुरतडली तरी हात मागे घेईना.

या छोट्या हकिकतीत पुढच्या उपचारपद्धतींचा सारा गाभा आहे. जवळ जाणं पायरीपायरीनं व्हावं, सोबत असावी, आणि मध्ये घसरण झाली तर ती धरून चालावी.

एडना फोआ या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. बलात्कार, हल्ला, युद्ध यांतून वाचलेल्या लोकांसाठी त्यांनी याच तत्त्वावर उपचार बांधला. साधारण ८ ते १५ सत्रांत तज्ज्ञाच्या सोबतीनं तो प्रसंग वर्तमानकाळात, डोळ्यांसमोर आणून पुन्हा पुन्हा सांगायचा. त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं. शिवाय टाळत असलेल्या जागांची आणि गोष्टींची यादी करायची, कमी त्रासाची आधी, जास्त त्रासाची नंतर, आणि त्या क्रमानं एकेकीकडे जायचं. आघातानंतरच्या त्रासावर ही पद्धत जगभर तपासली गेली आहे आणि ती उपयोगी ठरली आहे.

यात जुनी आठवण पुसली जात नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. इव्हान पावलोव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की 'विझलेली' प्रतिक्रिया काही काळानं आपोआप परत उगवू शकते. म्हणजे जुना धडा शाबूत राहतो, त्याच्या शेजारी नवा धडा लिहिला जातो. जुना सांगतो, 'हा आवाज ऐकलास तर तू कोलमडशील.' नवा सांगतो, 'ऐकलास, रडलीस, वीस मिनिटांनी चहा टाकलास, कोलमडली नाहीस.' पुढच्या वेळी कोणता धडा आधी वर येईल, हे नव्याची उजळणी किती आणि किती वेगवेगळ्या ठिकाणी झाली यावर ठरतं. वर्षश्राद्धाला, आजारपणात, सणाच्या दिवशी जुना धडा डोकं वर काढतो, तेव्हा 'इतकं करूनही मी परत तिथेच' असं वाटतं. ते खरं नसतं. नवा धडा त्या प्रसंगात अजून गिरवायचा राहिलेला असतो, इतकंच.

आणि हा धडा सांगून शिकवता येत नाही. 'तू सहन करू शकशील' हे वाक्य शंभर जणांनी सांगितलं तरी मेंदूला पुरावा हवा असतो, आणि पुरावा अनुभवातूनच मिळतो.

भावनेला शब्द मिळाले की

'कसं वाटतंय?' या प्रश्नाला आपलं नेहमीचं उत्तर असतं, 'कसंतरीच होतंय.' या कसंतरीच्या पोटात काय काय असतं बघा. वडील गेल्याचं दुःख असतं. त्यांनी वेळेवर तपासणी केली नाही याचा राग असतो. शेवटचा फोन आपण घाईत ठेवला, ही टोचणी असते. दीर्घ आजारपण संपल्याची सुटकाही असते, आणि सुटका वाटली म्हणून लाजही वाटत असते. सगळं एकत्र कालवलेलं असेपर्यंत त्याचं काहीच करता येत नाही.

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग करत त्यांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. काही वेळा चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला. काही वेळा फक्त त्या चेहऱ्याला शोभेलसं स्त्रीचं किंवा पुरुषाचं नाव निवडायला सांगितलं. भावनेला शब्द देताना अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारा मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग, कमी उत्तेजित झाला. त्याच वेळी कपाळामागचा, उजव्या बाजूचा, आवर घालण्याशी संबंधित भाग जास्त सक्रिय झाला. भावनेला नेमका शब्द देणं हीच ती आवरण्याची पहिली पायरी असावी, असं या प्रयोगातून सूचित होतं.

आपल्याकडच्या बायकांनी ही वाट केव्हाच शोधली होती. पहाटे जात्यावर बसून गायलेल्या ओव्यांत माहेरची ओढ आहे, सासुरवास आहे, गेलेल्या लेकराचं दुःख आहे. माणसांसमोर जे बोलायची चोरी, ते जात्यापुढे बोललं जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहाकडे लोकसाहित्य म्हणून बघितलं जातं आणि ते योग्यच आहे. पण कुणी विचारत नसताना, रोज, ठरल्या वेळी, लयीत, बहुधा शेजारी दुसरी बाई बसलेली असताना दुःखाला शब्द देण्याची ती एक रीतही होती. जातं गेलं आणि पीठ गिरणीतून येऊ लागलं, तेव्हा कष्ट वाचले. ती रोजची बोलायची जागा मात्र दुसरीकडे कुठे तयार झाली नाही.

वहीतली पंधरा मिनिटं

बोलायला कुणी नसेल तर लिहिता येतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील या विद्यार्थिनीसह १९८६ साली महाविद्यालयीन मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं. काहींनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाबद्दल, घटना आणि भावना दोन्ही मिळून, लिहिलं.

दुखऱ्या प्रसंगावर लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरं वाटलं नाही. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, मन जड झालेलं होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ही लगेच जड वाटण्याची बाब फार मोलाची आहे. सामोरं जाताना सुरुवातीला त्रास वाढतो. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस पहिल्याच दिवशी वही बंद करतो आणि 'उगाच खपली काढली' असं म्हणतो.

पुढे अशा अभ्यासांची संख्या वाढत गेली. २००६ साली १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. लिहिण्याचा फायदा होतो, पण सरासरीनं तो छोटा असतो, असं त्यातून दिसलं. म्हणून लिहिणं हा रामबाण इलाज नाही. ते स्वस्त, खासगी आणि बहुतेकांना झेपेल असं साधन आहे. लिहिण्याच्या मजकुरातही फरक आढळला. दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळतंय' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त लाभ झाला. विखुरलेल्या तुकड्यांची सुसंगत हकीकत तयार होत जाते, तसं मन ते तुकडे सारखे सारखे समोर आणायचं थांबवतं.

उगाळत बसणं म्हणजे सामोरं जाणं नव्हे

इथे एक शंका येईल. दिवसरात्र त्याच दुःखाचा विचार करणारी माणसं आपण पाहतो. ती तर दुःखाच्या अगदी जवळ असतात. मग ती बरी का होत नाहीत?

सुझन नोलन-होक्सिमा या संशोधिकेला या प्रश्नाचं उत्तर शोधायची संधी एका दुर्घटनेनं दिली. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधीच त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि उदास वाटल्यावर ते काय करतात याची नोंद घेतलेली होती. उदास झालं की 'माझंच असं का होतं, मी असा का आहे' हे उगाळत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणं जास्त दिसली.

उगाळणं आणि सामोरं जाणं वरून सारखं दिसतं, पण दोन्हींत मन वेगळं काम करत असतं. उगाळताना प्रश्न असतात, आणि ते उत्तर न मिळणारेच असतात. 'मी त्या दिवशी लवकर निघाले असते तर?' हा प्रश्न हजार वेळा विचारता येतो. सामोरं जाताना प्रसंग असतो: दवाखान्याचा तो मजला, त्यांचा गार पडलेला हात, मी काय बोलले, मला काय वाटलं. प्रसंगाला सुरुवात, मधला भाग आणि शेवट असतो. तो संपतो. त्याच्या शेवटाशी पोचल्यावर भावना चढते, टोकाला जाते आणि ओसरते, आणि ती ओसरते हे कळणं हाच तो नवा धडा. उगाळण्यात माणूस शेवटापर्यंत कधी जातच नाही. कित्येकदा तोही टाळण्याचाच एक प्रकार असतो: 'का' विचारत राहिलं की 'ते गेले' या वाक्यापाशी थांबावं लागत नाही.

स्वतःला तपासायची सोपी खूण आहे. अर्ध्या तासाच्या विचारानंतर एखादी नवी गोष्ट कळली, रडू येऊन थोडं हलकं वाटलं किंवा काही करायचं ठरलं, तर आपण सामोरं जात होतो. होतो तिथेच आहोत आणि स्वतःबद्दल आणखी वाईट वाटतंय, तर उठून चक्कर मारून यावं, कुणाशी तरी बोलावं.

जबरदस्ती नको, विसावाही हवा

'मनातलं बाहेर काढलंच पाहिजे' या आग्रहानंही नुकसान होतं. एके काळी अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला बसवून सगळा प्रसंग सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत होती. रस्ते अपघातातल्या जखमींना दवाखान्यातच असं एक सत्र देऊन इंग्लंडमध्ये तीन वर्षांनी पाहणी केली गेली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांना सर्वाधिक त्रास होत होता, त्यांच्यापैकी सत्र न मिळालेले पुढे सावरले होते. सत्र मिळालेल्यांचा त्रास तीन वर्षांनीही टिकून होता. आता जागतिक आरोग्य संघटनेचा भर मानसिक प्रथमोपचारावर असतो. त्यात सुरक्षितता, अन्नपाणी, आप्तांशी संपर्क आणि माणूस स्वतःहून बोलेल तेवढं ऐकणं हे येतं. बोलायला भाग पाडणं त्यात बसत नाही.

शोकाबद्दलही जुनी समजूत बदलली. सिग्मंड फ्रॉइडनं १९१७ सालच्या निबंधात शोक हे मनाला करावं लागणारं काम आहे असं मांडलं होतं. त्यावरून पुढे, जो रडला नाही त्याचं काहीतरी बिघडलंय, असा अर्थ काढला गेला. जॉर्ज बोनानो या संशोधकानं जोडीदार गमावलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यातला मोठा गट खूप मोडून न पडता सावरतो असं दिसलं. वृद्ध, दीर्घकाळ आजारी माणूस गेल्यावर घरातलं कुणी शांत असेल तर त्यानं दुःख दाबलंय असं गृहीत धरू नये.

नेदरलँड्समधले संशोधक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलेलं चित्र सर्वांत पटण्याजोगं आहे. शोकात असलेलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं. कधी गेलेल्याच्या आठवणीपाशी थांबतं, रडतं, फोटो बघतं. कधी उरलेल्या जगण्याकडे वळतं, गॅस सिलिंडर कसा लावायचा ते शिकतं, मुलाच्या फीचं बघतं, एखादा सिनेमा बघून हसतंही. ही ये-जा हीच सावरण्याची चाल. कामात मन गुंतवणं वाईट नव्हे. दिवसाचे चोवीस तास फक्त तेवढंच करणं अडचणीचं. मुद्दल फेडायचं असतं, पण हप्त्यांनी, आणि दोन हप्त्यांच्या मध्ये जगायला वेळ ठेवून.

त्या मुलीच्या बाबतीत हे हप्ते कसे असतील? पहिल्या आठवड्यात आईबरोबर जुने फोटो. नंतर ग्रुप परत सुरू. मग गावच्या घरी एक दिवस, भावाला बरोबर घेऊन. मग कधीतरी, सुट्टीच्या सकाळी, भाऊ शेजारी असताना, ते तेवीस सेकंद. पहिल्यांदा ऐकताना हुंदका आवरणार नाही. पाचव्यांदा ऐकताना तिच्या लक्षात येईल की वडील त्यात विशेष काही बोललेलेच नाहीत. विजेचं बिल भरलंस का, असं विचारलंय फक्त.

दुःखातून माणूस मोठा होतो का?

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली आघातानंतरची वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली तयार केली. लोकांच्या सांगण्यातून त्यांना पाच दिशा दिसल्या: नात्यांत आलेली जवळीक, नव्या वाटा, 'हे निभावलं तर बाकीचंही निभावेन' हा विश्वास, श्रद्धेत झालेला बदल आणि साध्या दिवसाची किंमत कळणं.

या संशोधकांनी एक गोष्ट सतत सांगितली, पण ती प्रेरणादायी भाषणांत गळून जाते. वाढ आघातामुळे होत नाही. आघातानं मोडलेल्या समजुती पुन्हा जुळवताना करावी लागणारी झटापट ती घडवते. शिवाय वाढ आणि वेदना एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. मूल गमावलेल्या आईला 'यातून तू खूप शिकलीस' असं सांगणं क्रूरपणाचं आहे. तिला काही उमगलं असेल तर ते ती सांगेल. ते धडे परत देऊन मूल मिळणार असतं, तर तिनं क्षणाचाही विचार केला नसता.

आपण बदललो असं माणसाला वाटणं आणि तो खरोखर बदललेला असणं यांतही अंतर असतं. प्रसंगाच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळी मोजणी करणाऱ्या अभ्यासात, लोकांनी सांगितलेली वाढ आणि प्रत्यक्ष दिसलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. म्हणून वाढ हे ध्येय धरून दुःखाकडे जाऊ नये. दुःखाजवळ थांबण्याची ताकद वाढवावी. ती वाढली की तिचा उपयोग पुढे दिसतो. अशी माणसं दुसऱ्याच्या घरी भेटायला जातात तेव्हा गप्प बसू शकतात, विषय बदलत नाहीत, रडणाऱ्याला घाईनं पाणी देऊन थांबवत नाहीत. मला तरी यापेक्षा खात्रीची वाढ दुसरी दिसत नाही.

थोडक्यात

- विचार दाबला की त्यावर पाळत ठेवावी लागते, आणि पाळतीमुळेच तो ताजा राहतो.
- टाळल्यावर लगेच आराम मिळतो, म्हणून टाळण्याची सवय जडते आणि जगणं आक्रसतं.
- सामोरं गेल्यानं जुनी आठवण पुसत नाही. 'मी हे सोसू शकते' हा नवा धडा शेजारी तयार होतो.
- 'कसंतरीच' वाटण्यातल्या भावना एकेक करून ओळखाव्यात: राग, टोचणी, भीती, सुटका.
- लिहायचं तर रोज पंधरा मिनिटं, तीन-चार दिवस. फारच असह्य झालं तर थांबावं.
- 'का' या प्रश्नात अडकू नये, 'काय झालं' हे शेवटापर्यंत सांगावं.
- सोबत असावी, पायऱ्या लहान असाव्यात, मध्ये विसावा असावा.

तज्ज्ञाची मदत कधी घ्यायची?

अत्याचार, बालपणीचा छळ, हिंसा किंवा डोळ्यांदेखत झालेला अपघात यांना एकट्यानं सामोरं जाण्याचा प्रयत्न करू नये. तिथे पायऱ्यांची उंची ठरवायला प्रशिक्षित माणूस लागतो. आप्ताच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना रोज तशीच असेल आणि घर, काम, नाती सांभाळणं अशक्य होत असेल, तर ती अवस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घ शोकविकार म्हणून नोंदलेली आहे. तिच्यावर उपचार आहेत. झोप आणि भूक पार गेली असेल, नशेचा आधार लागत असेल, तर थांबू नये. जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी बोलावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांच्या ओळखीत कुणी नुकतंच कुणाला गमावलंय, त्यांच्यासाठी एक काम. तेराव्यानंतर गर्दी ओसरते, फोन थांबतात, आणि खरी गरज तिथून पुढे सुरू होते. दोन-तीन महिन्यांनी एकदा जाऊन या. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा आणि मग समोरच्याला बोलू द्या. बोलायचं नसेल तर नुसते बसा, आणि निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगून निघा.